कुनिगुंडा मावशीचे एकशेऐंशी पौंड

आमच्या हॉल्त्सरोडा गावात संगीत कळणारी माणसं चार. एक कांटोर, म्हणजे चर्चच्या गाण्याबजावण्याचे प्रमुख, ते दर रविवारसाठी नवं काहीतरी लिहायचे. दुसरे लेमर्ट, ते चर्चमधला ऑर्गन वाजवायचे. तिसरा मी, मेल्खिओर, गावाचा पगारी वाजंत्री. तुतारी, व्हायोलिन, ओबो, जे हातात द्याल ते मी वाजवतो, आणि लग्नात कुणी जास्त प्यायला तर त्याला घरीही पोचवतो. चौथी कुनिगुंडा मावशी. तिनं आयुष्यात एक सूर धड ऐकला नव्हता. तरी चौघांत खरी जाणकार तीच, हे मी शपथेवर सांगतो, आणि लेमर्टांना तीन पेले बिअर पाजलीत तर तेही सांगतील.

मावशी ऑर्गनचे भाते तुडवायची. आमच्या ऑर्गनच्या मागे, मनोऱ्याच्या अंगाला एक कोंदट खोली आहे. तिथं चार भाते, एकेक दोन माणसांच्या पलंगाएवढा. प्रत्येकाचा एक लांब लाकडी दांडा बाहेर आलेला. मावशी दांड्यावर चढायची, तिच्या वजनानं दांडा खाली जायचा, भात्याची वरची फळी उचलली जायची. मग ती पुढच्या दांड्यावर. मागची फळी तिच्यावर ठेवलेल्या दगडांच्या भारानं हळूहळू बसत जायची आणि नळ्यांत वारा सोडायची. पहिला भाता रिकामा व्हायच्या किंचित आधी दुसरा भरलेला हवा, दुसरा संपायच्या आधी तिसरा. यात अर्धा श्वास चुकला की पलीकडे देवाची स्तुती उचकी देते. मधली भिंत हातभर जाड, आणि खोलीत दांडे करकरतात, कातडं कण्हतं. त्यामुळे मावशीला ऐकू यायचं ते एवढंच की पलीकडे कुणाचं तरी लग्न लागतंय आणि आपल्याला बोलावणं नाही.

ती मूळची उंटराउची. त्या गावात ऑर्गनच नाही, लोक आपापल्या सुरात गातात आणि शेवटी कुठेतरी भेटतात. विसाव्या वर्षी तिनं आमच्या फाइटशी लग्न केलं. भाते तुडवायची नोकरी त्याची, आणि नोकरीबरोबर मनोऱ्याच्या पायथ्याची एक खोली. लग्नानंतर पहिल्याच रविवारी फाइट तिला जोडीला वर घेऊन गेला, कारण दोघं असली की दोन-दोन भाते वाट्याला येतात. बारा वर्षांनी तो शनिवारी छातीत कळ येऊन गेला. रविवारी सकाळी मावशीनं डोळे पुसले, त्याचे बूट चढवले आणि एकटीनं चारही भाते तुडवले. नगरमंडळाला हे कळायला तीन महिने लागले.

मंडळात मोठी खळबळ माजली. गायनाच्या सज्जात बाईमाणसानं पाऊल ठेवू नये असा आमच्याकडे नियम. मावशी त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सज्जात मी कुठं जाते? मी मनोऱ्यात असते. बाईनं गाऊ नये असं लिहिलंय, मी कुठं गाते? बाईनं वारा घालू नये असं लिहिलेलं असेल तर दाखवा, घरी जाते." कुणाला सापडलं नाही. दहा वर्षं झाली त्याला. म्हणजे लग्नापासून मोजलं तर बावीस वर्षं ती रविवारी त्या खोलीतच होती, आणि खाली बाकावर बसून तिनं आमचं संगीत एकदाही ऐकलं नव्हतं.

पण तिचे पाय सगळं ओळखायचे. एकदा मी विचारलं, "मावशी, तुला कसं कळतं पलीकडे काय चाललंय ते?"

"अरे, कोराल, ते सगळ्या गावानं मिळून गायचं स्तोत्र, म्हणजे बाजाराला जाणं," ती म्हणाली. "सगळं गाव एकदम निघतं, एक पाऊल, एक पाऊल. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतात, कुणाची तरी टोपली पडलेली असते. त्यात काही कळायचं नाही."

"आणि फ्यूग?"

"ते पाहुणे. आधी एकटाच येतो, बोलत बोलत. मग दुसरा दारात, तो पहिल्याचंच बोलणं पुन्हा सांगतो. मग तिसरा. तोवर मी निवांत. चौथा, तो पायांनी वाजवायचा जाडा बाबा आत आला की माझी धावपळ. मग जो तो आपलंच म्हणणं रेटतो, कुणी उठायचं नाव घेत नाही."

टोकाटा तिला मुळीच आवडायचा नाही. "घरात डुक्कर शिरलं की कसं पळतात, तसं ते वाजवतात. इकडून तिकडे, मध्येच दम खातात, परत पळतात. माणसानं काय धरून तुडवायचं?" शाकॉन मात्र तिचा लाडका, कारण त्यात खालचे तेच सूर पुन्हा पुन्हा येतात. चौथ्या फेरीनंतर पाय आपले आपण चालतात आणि डोक्यात उद्याच्या भाजीचा विचार करता येतो. कांटाटा, म्हणजे गाणारे आणि वाद्यं मिळून करायची मोठी रचना, तिला सणाचा दिवस. त्यातलं बोलगाणं आलं, की ऑर्गन नुसता एकेक सूर धरतो, वारा लागतच नाही, तेवढ्यात ती पावाचा तुकडा खायची. आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, आली की दोन सलगम सोलून व्हायचे. आरियाचा पहिला भाग शेवटी पुन्हा गातात, म्हणून तिसरं सलगम ती मुद्दाम बाजूला ठेवायची.

आता संकट कसं आलं ते सांगतो. आमचे बर्गरमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष, क्राउझे ड्यूकच्या दरबारी काही कामाला गेले होते. तिथल्या देवळात, म्हणजे चॅपेलात, त्यांना ऑर्गनचा असा गडगडाट ऐकू आला की त्यांचा केसांचा टोप हलला म्हणे. त्यांनी चौकशी केली. त्यांना भाते तुडवणारा दाखवण्यात आला. तो होता अडीचशे पौंडांचा. झालं. क्राउझे परत आले ते शोध लावूनच, की माणूस जितका जड तितका वारा जोरकस. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोण सांगणार? वाऱ्याचा जोर येतो फळीवरच्या दगडांचा, तुडवणाऱ्यानं फळी उचलली की झालं. लेमर्टांनी हे सभेत सांगितलं, कांटोरांनी सांगितलं, मी तर भात्याचं चित्र काढून दाखवलं. क्राउझे म्हणाले, "मग तिथला एवढा जाडा का?"

नियम वहीत चढला. भाते तुडवणारा किमान एकशेऐंशी पौंड भरला पाहिजे. ईस्टरच्या आदल्या दिवशी गावच्या लोकरीच्या काट्यावर वजन होईल. मावशी भरली तर जागा तिची. नाही भरली तर बर्गरमास्टरांच्या मेव्हण्याच्या पोराची, एरेनफ्रीडची. हा एरेनफ्रीड चोवीस वर्षांचा, दोनशे चाळीस पौंडांचा, आणि त्याला कुठल्याच धंद्यात टिकता आलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा बसायला तयारच होता.

मावशी आधी चांगली गुबगुबीत होती, पण त्या हिवाळ्यात तापानं तिला आठ आठवडे अंथरुणाला खिळवलं होतं. पिठाच्या गिरणीत गुपचूप वजन केलं तर एकशेअठ्ठावन. मावशी काट्यावरून उतरली आणि पहिल्यांदा मला तिचा चेहरा पडलेला दिसला.

"नोकरी जाते ती जाते रे," ती म्हणाली, "खोली पण जाते. फाइटचा बिछाना आहे तिथं. आणि रविवारी मी करू काय? पायांना काय सांगू?"

माझी बायको रेगिना शेजारीच उभी होती. तिनं बाह्या वर केल्या. "बावीस पौंड ना? हातात साडेसहा आठवडे आहेत. मावशी, उद्यापासून जेवायला आमच्याकडे."

ईस्टरपूर्वीचे उपवासाचे दिवस नुकतेच लागत होते. आम्ही ल्यूथरची माणसं. त्या दिवसांत आम्ही खाणं सोडत नाही, संगीत सोडतो. चर्चमध्ये वाद्यं बंद, ऑर्गनसुद्धा मुका. म्हणजे मावशीला तुडवणं नाही, घाम नाही, काही नाही. जितकं खाईल तितकं अंगी लागणार. गावाला याची जी नशा चढली ती काय सांगू. सकाळी बिअरचं सूप, त्यात अंडी. दहाला डुकराच्या चरबीची भाकरी. दुपारी पिठाचे गोळे, हंसाच्या तुपात पोहणारे. चर्मकारीण सॉसेज घेऊन यायची, गिरणीवाली लोणी. शेवटी शेवटी ज्यांना ऑर्गन आणि अस्वल यांतला फरक कळत नाही असे लोकही कढई घेऊन दारात उभे राहू लागले. भाते राहिले बाजूला, गाव आता बर्गरमास्टरांना तोंडावर पाडायला खाऊ घालत होतं. मावशी चालू लागली की मुलं मागून ओरडायची, "मावशी, हळू चाल, उतरेल."

मावशीही हसत खायची. कधी कधी हात जोडायची. "रेगिना, अगं आता गोळा घशाशी आलाय."

"तो खाली जाऊ दे," रेगिना म्हणायची, "तोवर दुसरा गार होतोय."

दर बुधवारी गिरणीत वजन. एकशेचौसष्ट. एकशेअडुसष्ट. मध्ये एक आठवडा काटा हललाच नाही, तेव्हा तिची गुरुवारची धुणी बंद केली. शुक्रवारी, म्हणजे वजनाच्या आदल्या दिवशी, एकशेसत्त्याहत्तर. तीन पौंड कमी. आता एका रात्रीत तीन पौंड कुठून आणायचे? लेमर्ट कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्यांनी चर्चच्या माळ्यावरून एक जुनी काढून टाकलेली ऑर्गनची नळी आणली. शिशाची, हातभर लांब, चांगली जड. रेगिनानं ती मावशीच्या घागऱ्याच्या आत, मांडीला फडक्यानं बांधली. मावशी म्हणाली, "हे पाप आहे."

"नळी चर्चची आहे," लेमर्ट म्हणाले. "पाप निम्मं."

शनिवारी चौकात सगळं गाव. एरेनफ्रीड काट्यावर चढला तेव्हा पलीकडची वजनंच अपुरी पडली आणि वखारीतून मिठाची गोणी आणावी लागली. दोनशे त्रेचाळीस. तो खाली उतरून चक्क वाकून नमस्कार करून गेला. मग मावशी. काट्यावाल्यानं वजनं चढवली, काटा थरथरला, स्थिरावला. एकशेत्र्याऐंशी. चौकात जो जल्लोष झाला, त्यात कुणाच्या तरी बदकांनी उडायचा प्रयत्न केला. मी टोपी फेकली, ती अजून कारंज्याच्या पुतळ्यावर आहे.

आणि मावशीला रीतभात आठवली. बर्गरमास्टरांचे आभार मानायला ती गुडघ्यात वाकली, चांगली खोल वाकली. फडकं सुटलं. घागऱ्याखालून नळी घरंगळत आली आणि क्राउझेंच्या बुटाला लागून थांबली.

क्राउझेंनी नळी उचलली. उलटी केली, सुलटी केली. त्यांना काय वाटलं कोण जाणे, ती तोंडाला लावून त्यांनी फुंकर मारली. नळी "पीं" अशी वाजली, अगदी स्वच्छ, बावीस वर्षांपूर्वी बाद झालेली असूनही. आधी मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, मग सगळ्यांना आवरेना. मावशीही पोट धरून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं राहिलं नाही. तिला परत काट्यावर चढवलं. एकशेसत्त्याहत्तर. क्राउझे चिडले होते, पण बोलले शांतपणे. ईस्टरपासून भाते एरेनफ्रीडकडे. खोली आठवड्याभरात रिकामी करावी.

ईस्टरच्या सकाळी मावशीला जायला जागा नव्हती. म्हणजे चर्चमध्ये सुद्धा. बायकांचे बाक घराघरांच्या नावावर असतात आणि तिच्या नावावर कधी बाक नव्हताच. रेगिनानं तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. मी वर सज्जात, तुतारी मांडीवर घेऊन. तिथून मला ती समोर खाली दिसत होती. नवा झगा, पायांत फाइटचे तेच बूट.

लेमर्टांनी सुरुवात केली. फ्यूगचा पहिला पाहुणा आला, दुसरा आला. तिसरा येतानाच ऑर्गननं उचकी दिली. भिंतीपलीकडे एरेनफ्रीड दांड्यावर चढत नव्हता, उडी मारत होता, आणि प्रत्येक उडीबरोबर पाहुण्यांना कुणीतरी पाठीत रट्टा घालत होतं. लेमर्टांचे कान लाल झाले. खाली पाहतो तर मावशीच्या झग्याची कड हलतेय. डावा पाय, उजवा पाय, हळू, दाबून. ती बसल्या जागी तुडवत होती.

मग ईस्टरचा कांटाटा सुरू झाला, कांटोर तेवढा दर वर्षी तोच घेतात. कांटोरांनी हात उचलला, मी आणि माझे दोघे साथीदार उठलो, नगारे वाजले, तीन तुताऱ्या एकदम, वर व्हायोलिनं, आणि सगळे गाणारे एका तोंडानं. मी वाजवत होतो तरी नजर खालीच होती. झग्याची कड थांबली. मावशीनं मान वर केली, आणि मग ती उठली, वळली, आणि बाकावर उलटी बसली. वेदीकडे पाठ, पास्टरांकडे पाठ, आमच्याकडे तोंड. शेजारच्या बायका तिला ओढत होत्या. पास्टर खाकरले, दोनदा. तिला काही पत्ताच नव्हता. तिचं तोंड उघडं होतं आणि ती पाहत होती, बाजारात हरवलेलं माणूस समोर दिसलं की आपण पाहतो तशी.

समूहगान संपलं. बोलगाणं आलं, ऑर्गनला एकेक सूर. एरेनफ्रीडला वाटलं आटोपलं, आपण सुटलो. तो बसला. नंतर कळलं, त्यानं खिशातून सॉसेजही काढलं होतं. पुढे आरिया, उंच सुरात गाणारा आमचा सोप्रानो पोरगा आणि एक ओबो. पोरगा वर चढू लागला, ती सबंध कांटाटातली सगळ्यांत उंच जागा, आणि नेमका तिथं वारा संपत आला. ऑर्गन हळूहळू बेसूर खाली सरकला, पोरगाही बिचारा त्याच्याबरोबर घसरला. लेमर्ट भात्याच्या खोलीतल्या घंटीची तार ओढत सुटले. मावशीला कळलं होतं. सज्जात आम्हाला कळायच्या आधी तिला कळलं होतं, तिनं माझ्याकडे पाहिलंही. मी भुवयांनी जिन्याकडे खूण केली. तिनं मान हलवली. नाही. दोन्ही हातांनी तिनं बाकाची पाठ घट्ट धरली होती. तिला ऐकायचं होतं. बावीस वर्षांत एकदाच मिळालं होतं, ते तिला शेवटपर्यंत ऐकायचं होतं, आणि मला तिचा राग येईना.

घंटीनं एरेनफ्रीड दचकला. सॉसेज टाकून त्यानं दुसऱ्या भात्यावर अशी उडी घेतली की कातडं उभं फाटलं. जो आवाज झाला तो तुम्हा-आम्हा सगळ्यांना ओळखीचा आहे, चर्चमध्ये तो कुणी जाणूनबुजून काढत नाही. बायकांच्या बाकांतून खसखस पिकली. ऑर्गन एक मोठा उसासा टाकून बंद पडला. पोरगा एकटाच, ओबोला धरून गात राहिला, पुढचा रस्ता त्याला दिसेना.

मावशी उठली. झगा दोन्ही हातांत गोळा केला आणि बाकांमधल्या वाटेनं पळत सुटली. जिना अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांचा. ती चढेपर्यंत कांटोरांनी दुसरं बोलगाणं नुसत्या चेलोवर काढलं, आणि मी मनात पायऱ्या मोजत होतो. शेवटचा कोराल आला. त्यात सगळा ऑर्गन, सगळ्या तुताऱ्या, सगळं गाव उभं राहून गाणार. लेमर्टांनी डोळे मिटून हात पट्ट्यांवर ठेवले, हिशेब सोडून दिलेल्या माणसासारखे.

वारा आला. रट्टा नाही, उचकी नाही. बाजाराला निघालेलं गाव, एक पाऊल, एक पाऊल. लेमर्टांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हसू लागले. मी हसत हसत तुतारी कशी वाजवली ते मला अजून कळलेलं नाही. तीनच भाते शाबूत होते, आणि शेवटचा लांब सूर तिनं तीन भात्यांवर असा तोलून धरला की कांटोर तो सोडायलाच तयार होईनात.

संपल्यावर मी वर धावलो. भात्याच्या खोलीत एरेनफ्रीड जमिनीवर बसून फाटलेलं कातडं दोन्ही मुठींनी आवळून धरून होता. मावशी भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"तुमच्या गोळ्यांनी जीव घेतला माझा त्या जिन्यावर," ती म्हणाली. "एकशेअठ्ठावनची असते तर बोलगाण्याच्या आत पोचले असते."

"मावशी, ऐकलंस?"

ती दांड्यावर बसली. म्हणाली, "मेल्खिओर, तो पोरगा वर चढतो ना, तिथं दर ईस्टरला मी तिसऱ्या भात्यावर असते. माझा गुडघा दुखत असतो. मी म्हणत असते, मेल्या, लवकर संपव की. बावीस वर्षं मी त्या जागेला शिव्या दिल्यात." तिनं डोळे पुसले. "मला कुणी सांगितलं का नाही रे, की तिथं हे असं असतं?"

आमच्यातल्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं ते.

एरेनफ्रीड खालून म्हणाला, "मावशी, हे सोडू का आता? हातांना मुंग्या आल्या."

क्राउझे वाईट माणूस नव्हते, फक्त शहाणे होते. सोमवारी त्यांनी सभा बोलावली. वहीत लिहिलेला नियम पुसता येत नाही, असं ते म्हणाले. म्हणून मावशीला पुन्हा काट्यावर बोलावण्यात आलं. ती चढली, आणि क्राउझेंनी आपल्या हातानं ती शिशाची नळी तिच्या हातात दिली. "नळी ऑर्गनची, बाई ऑर्गनची," ते म्हणाले, "एकत्र तोलायला हरकत नाही." एकशेत्र्याऐंशी भरली. खोली राहिली, बिछाना राहिला.

मावशीनं लगेच मागणी केली. वर्षातून एक दिवस, ईस्टरला, ती खाली बसणार. त्या दिवसापुरता एरेनफ्रीड तुडवेल, आणि त्याला ती शिकवेल. एरेनफ्रीडला कुणी काही शिकवू शकेल यावर त्याच्या आईचाही विश्वास नव्हता. मावशीनं त्याला वर्षभर फाइटचे बूट घालायला लावले. त्याला ते इतके घट्ट व्हायचे की उडी मारली की रडूच येई.

पुढच्या ईस्टरला ती उलटी बसून सगळं ऐकत राहिली, पहिल्या तुतारीपासून शेवटच्या कोरालपर्यंत. पास्टर त्या वर्षी खाकरले नाहीत. मी संपल्यावर वर गेलो तर एरेनफ्रीड घामानं निथळत तिसऱ्या भात्यावर वाकला होता. मला पाहून म्हणाला, "तो कार्टा त्या उंच जागी किती वेळ लावतो. लवकर संपवायला काय होतं त्याला?"

मी खाली येऊन हे मावशीला सांगितलं, हसवायला म्हणून. ती हसली नाही. बाकाची पाठ बोटांनी पुसत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी त्याला बसव इथं. मी जाईन वर."

"अगं, वर्षाचा एकच दिवस तुझा."

"माझं ऐकून झालंय," ती म्हणाली. "त्याचं व्हायचंय."

तिसऱ्या ईस्टरला बायकांच्या बाकांत रेगिनाशेजारी एरेनफ्रीड बसला, दोनशे पन्नास पौंडांचा, वेदीकडे पाठ करून, मागच्या चार बायकांना काही दिसत नव्हतं. पोरगा उंच जागेवर चढला. वारा भिंतीपलीकडून असा आला की तो येतोय हे कुणाला कळूही नये. एरेनफ्रीडचं तोंड उघडं पडलं, डोळे वाहू लागले, त्यानं ते पुसलेही नाहीत. मी तुतारी खाली ठेवून त्याच्या पायांकडे पाहिलं. बाकाखाली त्याचे ते भले मोठे बूट हलत होते. डावा, उजवा. हळू, दाबून, उडी न मारता.